लोर्ना आत्या बंदूक कशी विकते

पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या डोंगरात नाताळ सरला की गारगोटीवर पेटणाऱ्या ठासणीच्या बंदुकीनं हरणं मारायचा हंगाम लागतो. पहिली बंदूक घ्यायला सगळे माझ्या लोर्ना आत्याच्या दुकानात येतात. तिथं खिळे, बर्फाची फावडी आणि भिंतीवर अकरा बंदुका असतात.

गिऱ्हाइकानं नळीची लांबी विचारली की आत्या त्याला मागच्या अंगणात नेते. नळी रिकामीच ठेवते, फक्त बाजूच्या वाटीत चिमूटभर दारू घालते आणि म्हणते, "दाब चाप." नाकासमोर भडका उडतो. आत्या तेव्हा बंदुकीकडे बघत नाही, त्याच्या डोळ्यांकडे बघते. डोळे मिटले की बंदूक परत भिंतीवर.

मला तिनं दोन वर्षं असंच हाकललं. "हरणाचं काही बिघडणार नाही रे, मला शेजाऱ्यांची काळजी आहे," म्हणायची.

यंदा मी चिडलो. "मग तूच उडवून दाखव ना, आत्या."

तिनं वाटीत दारू घातली आणि बंदूक खांद्याला लावली. भडका उडाला तेव्हा तिचे दोन्ही डोळे गच्च मिटले होते, नाकसुद्धा आक्रसलं होतं.

"चाळीस वर्षं असेच मिटतात," ती म्हणाली. "म्हणून रानात मी फक्त कॉफीचा थर्मास नेते. आता तू लाव."

मला हसू आवरत नव्हतं, तसाच चाप दाबला. आत्यानं माझ्या डोळ्यांत निरखून पाहिलं आणि बंदूक माझ्याच हातात राहू दिली.

"घे. पण पहिल्या दिवशी मी सोबत येणार, आणि तुझ्या मागे बसणार."