भिंतीकडे तोंड

मुलुंडच्या आमच्या एक्स-रे सेंटरमधला जुना सर्व्हर आता कधीही बसेल असा झाला होता. सगळ्या पेशंटच्या फाइली क्लाउडवर हलवायला एका कंपनीने तिला पाठवलं. चाळिशीची बाई, अंबाड्यात पेन खोचलेलं. मी तिला पासवर्ड सांगायला लागलो, तर तिने हातच वर केला.

“मला नको. तुम्हीच टाका.” आणि खुर्ची भिंतीकडे फिरवली. मला जरा नाटकीच वाटलं.

दुपारी स्क्रीनवर ‘पूर्ण’ असं आलं. मी लगेच जुन्या फाइली पुसायला निघालो.

“थांबा हो! गेलं म्हणजे पोचलं असं नाही. क्लाउडवरून एक तरी उघडून बघा. ओळखीचं नाव घ्या.”

मी आईचं नाव टाकलं. तिच्या फासळ्या उमटल्या, आणि नातेवाइकांपासून आम्ही लपवलेला तो डागही. मी दचकून बाजूला पाहिलं. खुर्ची केव्हाच भिंतीकडे वळली होती.

“आहे ना नीट?”

“आहे.”

“मग ते बंद करा, आणि जुनं पुसा बिनधास्त.”

अर्ध्या मुलुंडची हाडं त्या दिवशी तिच्या हातून गेली. तिने एकही पाहिलं नाही.