चॅनल मीच निवडली होती

चूक माझी होती, आणि ती माझी आहे हे मला त्याच दिवशी कळलं होतं. उशिरा कळलं असतं तर निदान अडाणीपणाच्या आड लपता आलं असतं.

ऐंशीच्या दशकात तुमसरला आमचं औषधाचं दुकान होतं, राइस मिलच्या अगदी समोर. वडिलांनी ते माझ्या हाती दिल्यावर मी पहिलं काम काढलं ते भिंतभर कपाटाचं, तीस ड्रॉवरचं. काम दिलं आंधळगावच्या म्हाताऱ्या मिस्त्रीला. त्याचे ड्रॉवर लाकडी पट्टीवर सरकायचे. पट्टीला तो मेणबत्ती घासायचा, बस.

मी मात्र नागपूरहून ड्रॉवर सरकवायची छर्ऱ्यांची लोखंडी चॅनल घेऊन आलो. एका बोटानं ढकललं की ड्रॉवर थेट शेवटपर्यंत. मिस्त्रीनं एक जोडी हातात घेतली, त्यातल्या ग्रीसवर बोट फिरवलं आणि समोरच्या मिलकडे पाहिलं.

"चीज चांगली आहे जी. पण इथं नाही चालत. मिल सुरू झाली का हवेत कोंडाच कोंडा. तो ग्रीसले चिकटते."

"तुमाले लावता येत नाही, असं सांगा ना," मी म्हणालो.

त्यानं चॅनल लावली. एकही स्क्रू तिरपा नव्हता.

दिवाळीनंतर मिल धडधडू लागली आणि संक्रांतीपर्यंत ड्रॉवर अडकायला लागले. एका बाजाराच्या दिवशी, दुकान भरलेलं असताना, मी एक ड्रॉवर दोन्ही हातांनी ओढला तर तो बाटल्यांसकट माझ्या पायावर आला. लोक हसले. ते हसू मला कोणावर तरी टाकायचं होतं. मी मिस्त्रीला निरोप धाडला.

पुढच्या बाजाराला तो सायकलनं आला. गिऱ्हाइकांसमोर मी त्याला एकेक ड्रॉवर ओढायला लावला. "हा ओढा. आता हा." अकराव्या ड्रॉवरला त्याला धाप लागली.

"हात थरथरून राहिले तुमचे, मिस्त्री. आता रंधा ठेवा अन् नातवंडं खेळवा."

मागून कोणीतरी म्हणालं, "अगा, मिस्त्रीलेच मेणबत्ती घासा!" सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं मी.

मिस्त्रीनं एक ड्रॉवर काढला, पेचकसाच्या टोकानं चॅनल खरवडली आणि ग्रीस-कोंड्याचा काळा गोळा माझ्यासमोर काउंटरवर ठेवला. मी तो पाहिला. इतर कोणी पाहायच्या आत फडक्यानं पुसून टाकला.

काही दिवसांनी शाळेचे हेडमास्तर आले. त्यांना बाकं करून घ्यायची होती. "तो मिस्त्री कसा आहे?" त्यांनी विचारलं. मी फक्त माझ्या कपाटाकडे बोट दाखवलं. काम साकोलीच्या माणसाला गेलं. मग तुमसरात मिस्त्रीला कोणी बोलावीनाच, आणि त्याचं सगळं काम तुमसरातच असायचं.

उन्हाळ्यात मी दुसऱ्या सुताराकडून चॅनल काढून लाकडी पट्ट्या बसवून घेतल्या. ड्रॉवर लोण्यासारखे चालू लागले. लोक म्हणाले, नव्या मिस्त्रीनं जुन्याचं काम सुधारलं. मी मान डोलावली.

तीन वर्षांनी आंधळगावला गेलो. मिस्त्री अंगणात कुदळीला दांडा बसवत होता. असलीच कामं उरली होती. मी हात जोडले. "चूक माझी होती, मिस्त्री. माफ करा."

त्यानं वर पाहिलं नाही. "मले कुठं बोलला होतास बाबू?"

"दुकानात. लोकांसमोर."

"मंग माफी मांगाले इथं कायले आला? इथं तं कोंबड्याच ऐकून राहिल्या."

पुढच्या बाजाराला दुकान भरल्यावर मी काउंटरच्या बाहेर आलो आणि मिस्त्रीला उभं केलं होतं तिथं उभा राहिलो. "काय बाबू, आज तुमालेच औषध पाहिजे का?" एकानं टोमणा मारला. हशा झाला. तो थांबेपर्यंत मी थांबलो. मिस्त्री आला नव्हता, येणारही नव्हता.

"आंधळगावच्या मिस्त्रीचे हात कधीच थरथरले नाही," मी म्हणालो. "चॅनल मी आणली होती. त्यायनं नको म्हटलं होतं. कोंडा मले दिसला होता, मी तो पुसून टाकला. तुमच्यासमोर मी त्यायची इज्जत घेतली, म्हणून तुमच्यासमोर माफी मागतो."