उमरेडला आलेली मतपत्रिका

सत्तरच्या दशकाची ती सुरुवात. धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्यात नर्स म्हणून लागून मला दीड वर्ष झालं होतं. तिथे रुजू होताना नोंदणीचं मूळ प्रमाणपत्र जमा करावं लागे. ते डॉक्टरांच्या कपाटात राही. त्याच्याशिवाय दुसरीकडे नोकरी नाही, आणि ते परत कधी द्यायचं हे डॉक्टरांच्या मर्जीवर.

त्या साली आमच्या नर्सिंग परिषदेची निवडणूक लागली. मत टपालाने द्यायचं होतं. डॉक्टरांच्या वहिनी उभ्या होत्या. ड्यूटी बदलताना मेट्रनबाईंनी आम्हा सगळ्यांना थांबवून घेतलं.

"पत्रिका आली की सही तेवढी करा. खूण करू नका. माझ्याकडे आणून द्या, पुढचं आम्ही बघू."

सगळ्यांबरोबर मीही मान हलवली.

माझी पत्रिका नोंदणीच्या पत्त्यावर, म्हणजे उमरेडला, घरी आली. सुट्टीच्या दिवशी गेले तर आईने देवाजवळ ठेवलेलं पाकीट हातात दिलं. सही करायला म्हणून उघडलं आणि चौथं नाव वाचून थबकले. त्या सिस्टर माझ्या ओळखीच्या होत्या.

शिकत असताना मी दिलेल्या एका इंजेक्शनने पेशंटला रिअॅक्शन आली होती. पेशंट वाचला, पण मोठे डॉक्टर सगळ्या वॉर्डासमोर माझ्यावर ओरडले, आधी टेस्ट केली नाहीस म्हणून. मी केली होती, पण कागदावर नोंद नव्हती. तेव्हा या सिस्टर पुढे आल्या. "हिने टेस्ट केली, मी बाजूला उभी होते. लिहायचं माझ्याकडून राहिलं." महिनाभरात त्यांची नरखेडला बदली झाली. मी साधं भेटायलाही गेले नव्हते.

बाबा हातमागावर बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी धोटा थांबवला.

"देऊन टाक वं तुह्या त्या मेट्रनबाईले. नोकरी गेली त काय करशीन?"

"त्या सिस्टरनं मला वाचवलं होतं, बाबा."

"मले समजते. पण आपल्याले कोण वाचवन?"

मी पाकीट पिशवीत ठेवलं. परतताना एसटी स्टँडजवळच्या पोस्टात गेले, चौथ्या नावापुढे फुली केली, खाली सही केली आणि पाकीट पेटीत टाकलं. टाकलं आणि मग लक्षात आलं. आतल्या कागदावर माझी सही होती, नंबर होता. वाटेत कुणी उघडलं तर? मी फटीतून बोटं आत घातली, पाकीट हाताला लागतं का ते बघायला. मागे उभा असलेला माणूस म्हणाला, "बाई, काय हरवलं?" मी हात ओढला. बोटाची कातडी सोलली गेली.

मेट्रनबाईंकडे यादी होती. रोज त्या माझ्या नावापाशी थांबत आणि मी म्हणे, "अजून आली नाही." आठ दिवस मी असं म्हणत राहिले. कपाटाच्या किल्ल्या वाजल्या तरी मी वळून बघे. नवव्या दिवशी त्या म्हणाल्या, "डॉक्टर उद्या उमरेडला गाडी पाठवताहेत. तुझ्या वडिलांना विचारून येतील."

दारात डॉक्टरांची गाडी बघून बाबा सगळं सांगून टाकतील, हे मला माहीत होतं. दुपारी मी ड्रेसिंगच्या खोलीत गेले. मेट्रनबाई उकळत्या पाण्यातून सिरिंजा काढत होत्या.

"बाई, मी पत्रिका पोस्टात टाकली."

त्यांनी आधी दार लावलं. "खूण करून?"

"हो."

मी नाव सांगायला तोंड उघडलं तशी त्या घाईने म्हणाल्या, "नको सांगू. मला माहीत नसलेलं बरं."

त्यांनी दाराला कान लावून बाहेरची चाहूल घेतली. त्या मला नेहमी दगडाच्या वाटायच्या.

"डॉक्टरांना सांगते, तुझी मिळाली म्हणून. पत्रिकांचा गठ्ठा मीच बांधते. विचारलं तर तूही तेच म्हण." मग भांड्यावर झाकण ठेवत म्हणाल्या, "माझंही सर्टिफिकेट त्याच कपाटात आहे. चौदा वर्षं झाली."

गाडी गेली नाही. पण निकाल लागेपर्यंत डॉक्टर राउंडला आले की मेट्रनबाई आणि मी एकमेकींकडे बघायचं टाळत असू.

वहिनी निवडून आल्या. डॉक्टरांनी स्वतः वॉर्डात येऊन पेढे वाटले. "तुम्हा सगळ्यांच्या मतांनी झालं," असं म्हणून माझ्या हातावर पेढा ठेवला. मी हसले. पेढा तोंडात फिरत राहिला.

त्या आठवड्यात मी सिस्टरना नरखेडच्या दवाखान्याच्या पत्त्यावर एक कार्ड लिहिलं. 'तुम्ही हरलात, पण माझं मत तुम्हाला होतं. वॉर्डातला तो दिवस मी विसरले नाही.' खाली नाव लिहायला पेन टेकवलं आणि तसंच उचललं. कार्ड सहीशिवाय गेलं.