दगडाचा पोपट

माझी भाची नुकतीच वाचायला लागली आहे. शब्दाखाली बोट धरून तिने गोष्ट संपवली. शेवटी राक्षस रडला, राजपुत्राने त्याला माफ केलं.

"आत्या, पण त्याने पोपटाचा दगड केला होता. तो अजून दगडच आहे ना?"

मी पानं चाळली. खरंच, पोपटाला कुणीच सोडवलं नव्हतं.

लहानपणी काकांनी माझी चित्रं बंबात घातली. म्हातारपणी ते रडले, तेव्हा सगळे मला म्हणाले, "झालं गेलं गंगेला मिळालं." सांगणाऱ्यांचं काय जळलं होतं?

भाची पेन्सिलीने चित्रातल्या राक्षसाचे डोळे खरवडू लागली. टोक मोडलं.

मी शार्पनर शोधला आणि तिला चांगलं अणकुचीदार टोक काढून दिलं.