मिरच्यांवरचा खटला

झाडाला फाशी द्यायची, तर आधी त्याचा गुन्हा कोणता हे पाहायला नको?

लढाईच्या काळात आमच्या सातारा जिल्ह्यात इंग्रजांची कोर्टं सोडून गावोगावी लोकांचेच न्यायनिवाडे चालत. मी क्रांतीची पत्रकं वाचून वाढलेला; मलाही निवाडा करायचा होता. गावात गुन्हेगार मिळेना, म्हणून घरातल्या मिरच्या धरल्या!

बाहेर शेळ्या काही ठेवत नसत, म्हणून आईनं माजघरातल्या खिडकीखाली रॉकेलच्या डब्यांत मिरच्या लावल्या होत्या. बी तिच्या माहेरचं. माहेरी ती जात संपली होती. उरली ती या डब्यांतच. एकदा त्या झाडांची पानं रोगानं चुरडली, आक्रसली आणि मी शेतीच्या पत्रकातलं वाक्य खड्या आवाजात वाचलं : विषाणूचा रोग बरा होत नाही, झाड उपटून जाळा. (पुढचं पान फाटलं होतं. क्रांतिकारकाला एक पान पुरतं!)

"विषाणू म्हंजी काय रं?" आईनं विचारलं.

"डोळ्यांना न दिसणारा शत्रू."

"मग तुला कसा दिसला?"

हा प्रश्न मी प्रतिगामी ठरवून फेटाळला आणि एकेक झाड चुलीत घातलं. शेवटचा डबा आईनं पोटाशी धरला.

"ह्याला हात लावलास तर तुलाच उपटीन!"

रजेवर आलेला काका पलटणीत घड्याळं दुरुस्त करायचा. त्यानं डोळ्याला लावायचं भिंग पुढं केलं. "न्यायाधीश, आरोपीचं तोंड तरी बघा की!"

मी ऐटीत पान उलटून पाहिलं. पाठीवर काचेच्या मण्यांसारखे बारीक ठिपके. त्यातला एक चालू लागला! मग दुसरा! भिंगासाठी आम्हा तिघांची झोंबाझोंबी झाली.

"लय पाय हाईत की रं ह्यांला!" आई म्हणाली. "तुझा विषाणू चालतो व्हय?"

विषाणूला पाय नसतात, एवढं मलाही ठाऊक होतं. हे पानांचा रस शोषणारे बारीक कोळी होते! खरूजही असल्याच किड्यांची, म्हणून आईनं खरजेसाठी ठेवलेलं गंधक मी झाडावर धुरळलं. (निम्मं माझ्याच नाकात गेलं.) काही दिवसांत शेंड्याला सपाट, हिरवीगार पानं फुटली. विषाणू असता तर तीही चुरडलेलीच आली असती.

तेव्हा वाचकहो, घरातली मिरची चुरडली तर आधी पान उलटून भिंगातून पाहा, गंधक धुरळा आणि नव्या पानांची वाट बघा. त्या एका झाडाच्या बियांनी आईनं सगळे डबे पुन्हा भरलेत; तेव्हा तिच्या माहेरची ती मिरची कुणाला हवी असेल, तर बी जरूर मागून न्या. फक्त तिच्याकडंच मागा. मला अजून डब्यांजवळ फिरकायची परवानगी नाही!