गुरुवारची सुट्टी, रविवारचा सामना

आमच्या कॉलेजचा मुलींचा फुटबॉल संघ लीगच्या गुणतक्त्यात शेवटून पहिला होता. त्याचं मला एवढं काही वाटत नव्हतं. डोकं फिरायचं ते वेगळ्याच गोष्टीनं. दोन सामने आम्ही न खेळताच हरलो होतो. मैदानात सात मुली उभ्या राहिल्या नाहीत की समोरच्यांना तीन गोल फुकट, आणि तिसऱ्यांदा तसं झालं की संघ लीगमधून बाद.

आम्ही बहुतेकजणी चाकणला एका वायरिंगच्या कंपनीत काम करून शिकत होतो. आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी आणि सामने रविवारी. लीगच्या सरांना म्हटलं, एखादा सामना गुरुवारी ठेवा की. ते हसले.

"अगं, रविवार सगळ्या जगाला असतो."

"आमच्या जगाला नसतो, सर!" मी कप्तान, आणि तोंड आवरत नाही माझं.

शेवटच्या सामन्याच्या आठवड्यात मी कुरुळीतल्या आमच्या पोरींच्या खोल्या पालथ्या घातल्या. हिची शिफ्ट बदल, तिला विनव, मग कंपनीत आमची लाइन सांभाळणाऱ्या ताईंच्या मागं लाग. त्या इथल्या गावच्याच. जाम वैतागल्या. "तुमी पोरी माझी लाइन बंद पाडताय का काय!" पण सोडलं बिचारीनं. मोजून सात जणी जमलो.

सामना भोसरीला होता. समोर अकरा जणी, सगळ्या ताज्यातवान्या. मी गोलात. दुसऱ्या हाफमध्ये आमच्या बचावातल्या मुलीचा घोटा मुरगळला आणि पंच तिला बाहेर बस म्हणाले. ती बाहेर गेली की आम्ही सहा, म्हणजे खेळ तिथंच खलास.

"मरत नाहीये मी, सर," ती म्हणाली आणि गोलच्या खांबाला धरून उभी राहिली. मला भडभडून आलं. पण रडायला वेळ कुठं होता, बॉल परत आलाच!

नऊ गोल खाल्ले आम्ही. शेवटची शिट्टी झाली आणि एकमेकींच्या गळ्यात पडून असा काही कालवा केला की जिंकलेल्या मुली बघतच राहिल्या.

लीगचे सर निकाल लिहायला बसले. त्यांनाही आमची दया आली असावी.

"नऊ फार वाईट दिसतात गं. तुम्ही आला नाहीत असं दाखवून तीनच लिहितो. बाद नाही करत, शब्द देतो."

"नऊच लिहा, सर," मी म्हटलं, "आणि माझ्यासमोर लिहा."