हातावरची चूल

महागावच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून जरा आत, सुखीबाईचा तांडा आहे. तिथल्या बाईला मनातलं काही सांगायचं असलं की ती सुखीबाईकडे जाते. सुखीबाई ऐकते, हूं म्हणते आणि आपल्या कामाला लागते. "सुखीच्या कानात टाकलं म्हणजे विहिरीत टाकलं," असं तांड्यात म्हणतात. बाकीच्या विहिरींतून निदान पाणी तरी वर येतं. या विहिरीतून आजवर कोणाच्या घागरीत काही आलेलं नाही.

तर अशा बाईला तिच्या पोरानं, राजकुमारनं, टच फोन आणून दिला. राजकुमार यवतमाळजवळ लोहाऱ्याला कारखान्यात कामाला आहे. फोन हातात ठेवून तो म्हणाला, "याडी, याले कुलूप लावा लागते." याडी म्हणजे आई. घरातलं बोलणं त्यांचं बंजाऱ्यांच्या गोरबोलीतलं, पण ते सगळ्यांना कळायचं नाही म्हणून इथं आपल्या वऱ्हाडीत घातलं आहे.

"कुलूप कायले? आपल्या घराले तरी हाय काय?" सुखीबाई म्हणाली.

"घरात काय हाय न्यासारखं?"

हे तिच्या नवऱ्याला, किसनसिंगला, लागलं. "म्हैस हाय," तो म्हणाला.

राजकुमारनं आधी आईचं बोट फोनला दाखवलं. फोननं ओळख दिली नाही. त्यात फोनचा दोष नव्हता. राशनच्या दुकानातलं मशीनही सुखीबाईच्या बोटाला ओळखत नाही. जन्मभर कापसाची बोंडं ओरबाडून बोटावरच्या रेघा केव्हाच गुळगुळीत झाल्या आहेत. मग आकड्यांचं कुलूप काढलं. सुखीबाईला आकडे येतात, पण बसच्या पाटीपुरते. ते घरात आणून लक्षात ठेवायचे म्हणजे कठीण. शेवटी राजकुमारनं नऊ ठिपक्यांचं कुलूप दाखवलं. बोट न उचलता ठिपके जोडायचे आणि काढलेली आकृती विसरायची नाही.

सुखीबाईनं ठिपके पाहिले. मग हातभर बांगड्या कोपराकडे सारून आपला डावा हात पाहिला. लहान असताना गोदनारणीनं त्यावर गोंदलेलं होतं. एक रेघ खाली, एक आडवी, एक परत वर. त्याला चूल म्हणतात. सासरी बाईची चूल कधी विझू नये म्हणून गोंदायची. सुखीबाईनं तीच चूल फोनवर काढली. फोन उघडला.

"हे कसं विसरीन?" ती म्हणाली. "हात घरी ठेवून कुठं जाईन मी?"

राजकुमारला आकृती जरा सोपी वाटली, पण आईपुढे तो बोलला नाही. एवढंच म्हणाला, "कोणाले सांगजो नको. उघडताना कोणाले पाहू देजो नको. अन् फोनवर कोणी नंबर मागितला तर देजो नको, बँकेतून बोलतो म्हणला तरी."

तसा फोन एकदा आलाही. बोलणारा मोठा गोड होता. "आजी, तुमच्या मोबाईलवर आत्ता एक नंबर आला असेल, तेवढा वाचून सांगा."

"मले वाचता नाही येत, बाप्पा," सुखीबाई म्हणाली. "तूच ये, वाचून पाय. आल्यासारखा जेवून जाय."

त्यानं फोन ठेवला. लाजरा असेल, असं तिनं किसनसिंगला सांगितलं.

इतकी सांभाळून वागणारी ही बाई. पण दिवाळीला लेक माहेरी आली तेव्हा तिनं स्वतःच कुलपाची आकृती सांगून टाकली. लेकीला सांगणं म्हणजे काय सांगणं असतं? बबिता दिग्रसजवळच्या तांड्यात दिलेली आहे. तिच्या फोनला कुलूपच नव्हतं. सुखीबाई म्हणाली, "माझी चूल लाव. मायचा हात आठवला की उघडते." आताच्या पोरी गोंदून घेत नाहीत. बबिताचा हात कोरा. तिला ही गोष्ट फार आवडली. तिनं चूल लावली.

तेव्हापासून मायलेकींचं चालू झालं. सुखीबाईला लिहिता येत नाही, म्हणून बबिता बोलून पाठवायची. शेतात गेली, विहिरीवर गेली की तिथून. सुखीबाई कापसाच्या ओळीत बसून फोन कानाला लावायची. बातम्यांत मुख्य सासू. हंसाबाई तिचं नाव. हंसाबाई साखरेचा डबा पेटीत कुलूप लावून ठेवते, किल्ली कमरेला. चहापुरती साखर मोजून काढते. "याडी, इथला चहा म्हणजे तपेलं विसळलेलं पाणी," बबिता म्हणायची. आणि सुखीबाई, जी जन्मात कोणाबद्दल बोलली नाही, ती लेकीचं मन राखायला एकदा बोलून गेली, "तुही सासू म्हणजे बोराटीची फांदी. कुठूनही धर, टोचतेच."

बोलताना बरं वाटलं. असं बोललेलं फोनमध्ये राहतं, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

मग वेचणीचे दिवस आले. शेतात बायका आपापले फोन भाकरीच्या टोपलीत ठेवून टोपली धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, निंबाखाली ठेवतात. त्या दिवशी सुखीबाई ओळीच्या पार त्या टोकाला होती. परत आली तर पाणी प्यायला बसलेली लालीबाई म्हणाली, "सुखे, तुहा फोन वाजून राह्यला होता. बंद झाला म्हणून म्या उघडून परत लावला. राजकुमार होता. रातच्याला करतो म्हणे."

सुखीबाईनं तोंडाला लावलेला पाण्याचा तांब्या खाली घेतला. "उघडला? कसा उघडला?"

"कसा म्हणजे? चूल काढली," लालीबाई म्हणाली आणि तिनं बांगड्या सारून हात पुढे केला. एक रेघ खाली, एक आडवी, एक परत वर. "माह्या फोनले बी हेच हाय. म्या म्हणलं तुह्याले बी असन."

तिसरीनं बांगड्या सारल्या. चौथीनं सारल्या. निंबाखाली साऱ्या चुली मांडल्यासारखं झालं. चार फोन टोपलीतून काढले, कोणी कोणाचाही उघडला, उघडत गेला. बायकांना गंमत वाटली. एकीला नाही वाटली, तिनं आपला फोन घेऊन कंबरेला खोचला आणि ती लगेच कामाला लागली.

"त्या गोदनारणीले दुसरं काही येतच नव्हतं," लालीबाई म्हणाली. "इकडून दिग्रसपर्यंत जेवढे तांडे, तेवढ्याइले तिनं एकच चूल देल्ली. तुही ईन हंसा, बबिताची सासू, तिले बी हेच हाय. आम्ही एकाच तांड्यातल्या, गोंदताना एकाच दिवशी रडलो."

सुखीबाईनं त्या दिवशी त्यापुढे किती कापूस वेचला ते विचारू नये. तिच्या डोळ्यापुढे एकच दिसत होतं. बबिताचा फोन खिडकीत चार्जिंगला लागलेला. खिडकीखाली हंसाबाईची बाज. बाजेवर हंसाबाई, आणि हंसाबाईच्या हातावर किल्ली. पेटीची कमरेला, फोनची हातावर. लेकीचं सासरचं सुख आता त्या एका हातावर होतं.

फोन करून सांगावं, तर उचलेल हंसाबाई. बोलून पाठवावं, तर 'कुलूप बदल' हे आधी ऐकेल हंसाबाई. म्हणजे जाणं आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तुरीचे हिरवे सोले शेंगांसकट फडक्यात बांधले.

"कुठं चालली?" किसनसिंगनं विचारलं.

"बबिताले सोले द्यायले."

"त्याइच्या वावरात तूरच हाय."

"आपली गोड हाय," सुखीबाई म्हणाली आणि पुसदच्या बसला उभी राहिली. पुसदला दिग्रसची बस धरली. रस्ताभर एक हात फडक्यावर आणि दुसऱ्या हातावर बांगड्या मनगटापर्यंत ओढलेल्या. आता झाकून काय होणार होतं, पण हात गप्प बसत नाही.

हंसाबाई दारातच होती. "या, ईनबाई. आज कशी वाट चुकली?"

"सोले आणले."

"आमच्या वावरात तूरच हाय."

"हे गोड हायेत."

"बसा," हंसाबाई म्हणाली.

सुखीबाई बाजेवर बसली आणि तिनं खिडकी पाहिली. खिडकीत दोन फोन होते. एकाच रंगाचे, एकाच दुकानचे, सख्ख्या बहिणींसारखे. बबितानं चहा आणला. सुखीबाईनं घोट घेतला आणि लेकीकडे पाहिलं. चहा गोड होता. साधा गोड नाही, लग्नातल्यासारखा गोड. चुलीजवळच्या फळीवर साखरेचा डबा उघड्यावर बसलेला होता. बबितानं खांदे उडवले. तिलाही त्यातलं काही माहीत नव्हतं.

"साखर कमी झाली काय?" हंसाबाईनं विचारलं.

"नाही."

"मंग प्या." हंसाबाई सुनेला म्हणाली, "बबिता, बकरीले पाला टाकून ये, व." बबिता गेली. तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत हंसाबाई थांबली. मग सोल्याची एक शेंग फोडत म्हणाली, "ईनबाई, बोराटीची फांदी कुठून धरली म्हणजे टोचत नाही?"

सुखीबाईनं कपबशी खाली ठेवली.

"ऐकलं तुम्ही."

"ऐकलं. पोरानं दोन्ही फोन सारखेच आणले. म्या दुपारी उठली, हाताले लागला तो घेतला, चूल काढली, उघडला. अंगठा कुठं लागला कोण जाणे, अन् फोन बोलाले लागला. म्या म्हणलं, हे काय? माहाच फोन मले शिव्या देऊन राह्यला."

"मंग?"

"मंग तुमचा आवाज ओळखला. पूर्ण ऐकला. अर्धा कोण सोडते?"

सुखीबाईला जमीन दुभंगावी असं वाटलं, पण जमीन शेणानं नीट सारवलेली होती. "चूक माही हाय," ती म्हणाली. "बोलली मी. अन् हे कुलूप बी तिले म्याच देल्लं. पोरीवर राग धरू नका. जे बोलायचं ते मले बोला, मी इथं बसली हाय."

हंसाबाईनं दाणे तोंडात टाकले. गोड होते का, ते तिनं सांगितलं नाही. "राग आलता," ती म्हणाली. "एक दिवस जेवली नाही मी. कोणाले समजलं नाही, उपास समजले. मंग इचार केला, साखर कुलपात हाय हे त् खरंच हाय. म्हणून काढली बाहेर."

"बबिताले काही बोलल्या नाही?"

"काय बोलू? तुहा फोन म्या ऐकला म्हणू? तिले वाटते सासूनं नवस केला. वाटू दे." मग ती म्हणाली, "पण ते कुलूप तिच्यासाठी नव्हतं, ईनबाई. माह्यासाठी होतं. डबा उघडा दिसला की माह्यानं राहवत नाही. येता जाता साखरेचा फक्का मारते मी. आता आठ दिवसांत डबा अर्धा झाला अन् माही कंबर घागऱ्यात मावून नाही राह्यली."

"अन् फोन?"

"फोनचं बी तसंच. एकदा चुकून ऐकला. मंग दोनदा ऐकला, तो चुकून नाही." हंसाबाईनं नजर शेंगांत ठेवली. "उघडं दिसलं की माह्यानं राहवत नाही."

सुखीबाईनं त्या बाईकडे पाहिलं. तांड्यातल्या किती बायकांनी तिला काय काय सांगितलं होतं, पण एवढं सरळ कोणी सांगितलं नव्हतं. तिच्या तोंडून नेहमीचं हूं निघालं. मग ती म्हणाली, "मंग कुलूप बदलू."

बबिता परत आली तर दोघी विहिणी बाजेवर, दोघींच्या बांगड्या कोपराशी आणि दोन डावे हात शेजारी शेजारी. हंसाबाईची चूल एका बाजूनं जरा वाकडी होती. गोंदताना तिनं हात ओढला होता. बबितानं आईचा हात पाहिला. सासूचा हात पाहिला. फळीवरचा डबा पाहिला. मग ती उंबऱ्यावर खाली बसली.

"बसली काय?" हंसाबाई म्हणाली. "उठ, फोन घे. नवीन कुलूप लाव. अन् मले बी लावून दे."

"लावून नाही द्यायचं," सुखीबाई म्हणाली. "ज्याचं त्यानं लावायचं. अंगावर हाय ते नाही, घरात दिसते ते नाही. कोणाले सांगायचं नाही. मले बी नाही." हे शेवटचं तिनं लेकीकडे पाहून म्हटलं, आणि ते म्हणायला तिला जरा जड गेलं.

मग तिघी एकमेकींकडे पाठ करून बसल्या. बबितानं कुठं दाबायचं ते भिंतीकडे तोंड करून सांगितलं. हंसाबाईचं पहिल्या खेपेला जमलं नाही. "वळू नका," ती म्हणाली. कोणी वळलं नव्हतं. बाहेरून जाणाऱ्या शेजारणीला वाटलं, विहिणींचं भांडण झालं. तांडाभर ती बातमी गेली आणि संध्याकाळपर्यंत दोनचार बायका समजूत घालायला येऊन गेल्या.

निघताना साखरेचा डबा पुन्हा पेटीत गेला. कुलूप तेच. किल्ली मात्र हंसाबाईनं कमरेची सोडून सुनेच्या हातात दिली. "मागितली तरी देऊ नको," ती म्हणाली. "रडली तरी."

"कोण रडली तरी?" बबितानं विचारलं.

"मी," हंसाबाई म्हणाली.

पुसदहून निघालेल्या बसमध्ये सुखीबाईचा फोन वाजला. बबितानं बोलून पाठवलं होतं. सुखीबाईनं शेजारच्या बाईकडे पाठ केली, ओढणीखाली फोन धरला आणि नवीन कुलूप काढायला गेली. बोटानं सवयीनं चूलच काढली. फोन उघडला नाही. पुन्हा चूल, पुन्हा नाही. आणखी दोनचारदा तेच झालं, तेव्हा फोननंच तिला थोडं थांबायला लावलं. ती थांबली. बस गुंजच्या पुढे आली. मग तिनं बांगड्या मनगटापर्यंत ओढून घेतल्या, हाताकडे अजिबात न पाहता नवीन आकृती काढली, आणि उघडलेला फोन कानाला लावला.

"याडी, पोचली काय?" बबिता बोलत होती. "सासूबाई बाजूलेच बसल्या हायेत. म्हणतात, बोल तू बिनधास्त, मी ऐकून नाही राह्यली."